कौशल्य कुणाचं, खिसा कुणाचा

शुक्रवारी संध्याकाळी मांडवा जेटीवर उतरणाऱ्या सामानात हल्ली चिप्सची चंदेरी पेटी दिसते. अलिबाग, नागाव, आक्षीच्या भाड्याच्या बंगल्यांत पूर्वी तीन पत्ती रंगायची. आता पोकर आलाय, आणि त्याच्यासोबत एक वाक्यही आलंय: ‘हा जुगार नव्हे, कौशल्याचा खेळ आहे.’ ते मी इतक्यांदा ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर स्वतःही म्हटलंय, की एकदा त्याची झडती घ्यायलाच हवी.

आधी घरच्या वडीलधाऱ्यांशी भांडतो. ‘पत्ते म्हणजे निव्वळ नशीब’ हे त्यांचं म्हणणं महाभारतालाही मान्य नाही. वनपर्वात ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पानं-फळं किती ते सांगतो. नल झाड पाडून मोजतो, तर आकडा बरोबर. मग अश्वविद्येच्या बदल्यात नल त्याच्याकडून अक्षविद्या शिकतो आणि गेलेलं राज्य पुष्कराकडून परत जिंकतो. मोजता येणारं ते शिकता येतं, हे तेव्हाच ठाऊक होतं. (ही कथा युधिष्ठिराला बृहदश्व सांगतो आणि अक्षविद्याही देतो; पण सगळं हरून झाल्यावर.)

पोकरमध्येही मोजायला भरपूर आहे. हातात येणाऱ्या दोन पानांच्या जोड्या 1326, त्यांतल्या एक्क्यांच्या फक्त 6. म्हणजे 221 डावांत सरासरी एकदा. शिवाय कधी सोडायचं, समोरचा थाप मारतोय का, भांड्यातल्या पैशांच्या मानाने पुढची चाल परवडते का, हे सगळं डोक्याचंच काम. जानेवारी 2017 मध्ये पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या संगणकाने चार व्यावसायिक खेळाडूंना दोघांच्या पोकरमध्ये स्वच्छ हरवलं. यंत्राला नशीब लागत नाही. तेव्हा कौशल्य आहे, हे मान्य.

पण ते सिद्ध करायला काय काय करावं लागलं, ते पाहा. 1 लाख 20 हजार डाव खेळवले. तेही पत्त्यांची अदलाबदल करून: एका टेबलावर माणसाला आलेली पानं दुसऱ्या टेबलावर यंत्राला, म्हणजे नशिबाचा काटा शक्य तितका काढूनच टाकला. आपल्या बंगल्यात हाताने पिसून तासाला तीसेक डाव होतात. आठवड्याला एक रात्र, पाच तास बसलात, तर तेवढे डाव पुरे व्हायला पंधरा वर्षं लागतील. तोवर एक्क्यांची जोडी घेऊन सर्वस्व लावलेला शहाणा राजांच्या जोडीकडून शंभरात सतरा-अठरा वेळा हरतच राहणार. मग शनिवारी रात्री जिंकलेला माणूस रविवारी आमलेट-पाव खाताना ज्याला कौशल्य म्हणतो, ते नेमकं काय असतं?

माझा खरा आक्षेप मात्र याहून पुढचा आहे. कौशल्य आहे म्हणून खेळ निर्धोक, हा निष्कर्षच उलटा आहे. छापा-काट्यात अडाणी आणि शहाणा सारखेच; आज तू, उद्या मी. पोकरमध्ये कौशल्य जितकं जास्त, तितकं कच्च्या गड्याचं हरणं पक्कं. टेबलावर बाहेरून पै येत नाही. जिंकणाऱ्याच्या ढिगातला रुपया न रुपया शेजारच्याचा, आणि बैठक चालवणारा नाल कापत असेल तर तोही त्यातूनच. नवख्याला ‘कौशल्याचा खेळ आहे, बस’ म्हणणं म्हणजे बोकडाला सुरीची धार दाखवून धीर देणं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘मग दर्यावर जाणं तरी काय आहे? जुगारच.’ हे बोलणारा सहसा कोळीवाड्यातला नसतो. डोल जाळं लावणारा तांडेल उधाण-भांग पाहून निघतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा हिशोब त्याच्या तोंडावर असतो. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास. जाळ्यात बोंबील किती येतील ते दर्याच्या हाती, कबूल. पण आलेले बोंबील शेजारच्या होडीच्या टोपलीतून उचललेले नसतात. कुलाबा किल्ल्यात भरतीचं पाणी चढून अडकलेला पर्यटकसुद्धा कुणाच्या फायद्यासाठी अडकत नाही.

कायद्याने हा घोळ मिटवला, असं वाटत असेल तर तेही नाही. 1887 चा आपला मुंबईचा जुगारबंदी कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला सोडून देतो. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यात रमीला प्रामुख्याने कौशल्याची मानलं आणि तीन पानांच्या खेळाला नशिबाचा. पश्चिम बंगालच्या 1957 च्या कायद्याने जुगारातून पोकर नाव घेऊन वगळला. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये तोच जुगार ठरवला. पत्ते दोन्हीकडे बावन्नच. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने तर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांपुरता वादच काढून टाकला: कौशल्य असो की नशीब, बंदी. सरसकट बंदी मला पटत नाही, पण प्रश्न तेवढा तिने बरोबर ओळखला. कोर्टाचा प्रश्न ‘दोषी कोण’ हा होता; घरच्यांचा ‘हरणार कोण’ हा असतो.

म्हणून मी खेळणं सोडलं नाही, वही घातली. आमच्या पाचजणांच्या बैठकीत दर रात्री उठताना प्रत्येकाची बाकी लिहायची, एवढाच नियम. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी हौसेने लिहिलं. दुसऱ्या महिन्यात कौशल्याचा सिद्धांत मांडणाऱ्या आमच्या मित्राचा आकडा सलग चार वेळा लाल शाईत आला. तिसऱ्या महिन्यात वही हरवली. शेवटची ती त्याच्याच गाडीत होती.