तट्टू-मोटारींचा कुलवृत्तांत

फोर्डची मस्टँग श्रेष्ठ कीं शेव्हरोलेची कॅमॅरो, हा वाद अमेरिकेंतील मोटारशोकिनांत अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे. लांब नाक, आखूड पाठ, दोन दारें आणि नांवापुरतें मागील आसन अशा या जातीस तिकडे ‘पोनी कार’ म्हणजे तट्टू-मोटार म्हणतात. त्या मागील आसनावर आपल्या एकत्र कुटुंबांतील मंडळींस बसविण्याची कल्पनाहि आम्हांस करवत नाहीं!

मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजीं न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत प्रकट झाली. फाल्कन या साध्या गाडीच्या सांगाड्यावर ती बेतलेली असल्यामुळें किंमत २,३६८ डॉलरांपासून ठेवतां आली, व दोन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच दहा लाखावी गाडी बाहेर पडली. कॅमॅरो बाजारांत आली ती १९६६ च्या सप्टेंबरांत.

वेगाचा प्रश्न ‘ट्रान्स-ॲम’ शर्यतींनीं सुटावयास हवा होता. तेथें पांच लिटरांहून मोठें एंजिन चालत नसे, आणि शर्यतींत उतरविण्यासाठीं तशा गाड्या सामान्य गिऱ्हाइकांसहि विकणें कारखान्यांस भाग होतें. त्यांतूनच कॅमॅरोची ‘झेड-२८’ व मस्टँगची ‘बॉस ३०२’ निघाली. दोहोंचीं एंजिनें ३०२ घन इंचांचीं, आणि जाहीर केलेली शक्तीहि दोहोंची २९० अश्वशक्तीच. दोन्ही आंकडे मुद्दाम कमी सांगितलेले, असें जाणते म्हणतात. १९६८ व १९६९ चें विजेतेपद कॅमॅरोनें नेलें, १९७० चें मस्टँगनें. तेव्हां येथें डावेंउजवें करण्यांत आम्हांस स्वारस्य वाटत नाहीं.

संग्रहाची गोष्ट निराळी. १९६९ सालीं बॉस ३०२ अवघ्या १,६२८ निघाल्या, तर झेड-२८ वीस हजारांवर. परंतु दुर्मिळतेहूनहि महत्त्वाचें आहे तें वंशशुद्धीचें प्रमाण. मस्टँगच्या गाडी-क्रमांकांतच एंजिनाचें अक्षर असतें. बॉस ३०२ चें ‘जी’. शिवाय फोर्डच्या १९६७ पासूनच्या नोंदी शाबूत असल्यामुळें आपली गाडी कोणत्या रंगाची व कोणत्या एंजिनाची म्हणून जन्मली, हें पैसे भरून पाहतां येतें. त्या वर्षांच्या कॅमॅरोचा क्रमांक मात्र एंजिन सहा नळकांड्यांचें कीं आठ, एवढेंच सांगतो. साहजिकच आठ नळकांड्यांच्या साध्या गाडीस पट्टे ओढून व बिल्ले लावून झेड-२८ म्हणून उभें करणें अवघड नाहीं. आणि तसें करणारे आहेतहि. मूळचें विक्रीपत्र किंवा हमीपुस्तिकेंतील पत्र्याची ठसे मारलेली पट्टी हाच मग आधार. तिकडे स्थायिक झालेल्या एखाद्या पुतण्यास ही हौस सुटलीच, तर कॅमॅरोचे कागद आधीं पाहावे व रंग मागाहून.

‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटांत स्टीव्ह मॅक्वीननें हांकलेली मस्टँग एका कुटुंबानें १९७४ सालीं सुमारें ६,००० डॉलरांस घेतली. घरची गृहिणी शिक्षिका. ती त्याच गाडींतून शाळेंत जाई. १९७७ सालीं मॅक्वीननें पत्र लिहून गाडी परत मागितली, ती त्यांनीं दिली नाहीं, पण पत्र मात्र जपून ठेविलें. जानेवारी २०२० मध्यें फ्लॉरिडांतील लिलांवांत पोंचे व गंज यांसह तिला शुल्क धरून ३७ लाखांवर डॉलर आले. तें पत्र गाडीबरोबरच होतें.