चित्रातला खेळ अंगणात

मैत्रिणींनो, नातवंडांसाठी नगरहून खेळांच्या चित्रकार्डांचा संच आणला. त्यात बेसबॉल, गोल्फ, आइस हॉकी! खो-खो नाही, विटीदांडू नाही आणि एकाही कार्डावर मुलगी नाही. आमचं हिवरे बाजार एकेकाळी पैलवानांसाठी ओळखलं जाई. इथल्या पोरांना ‘आखाडा’ शब्द माहीत नसावा?

मग जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर आम्हीच चित्रं काढली, खाली नाव लिहिलं. रोज तीनच कार्डं. आधी चित्र ओळखायचं, मग शब्द म्हणायचा, मग अंगणात करून बघायचा. ‘चढाई’ म्हटलं की ‘कबड्डी कबड्डी’ करत पळायचं, ‘खो’ म्हटलं की पाठीवर थाप! केलेला शब्द मुलं सहसा विसरत नाहीत.

खो-खोच्या कार्डावर मी मुद्दाम मुलगी काढली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या मुलींनी जिंकला. कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. ते कार्ड नातीने उशाशी ठेवलंय.

पण मुलीला नुसता शब्द देऊन भागत नाही, खेळायला वेळही द्यावा लागतो. संध्याकाळी फक्त तिलाच भांड्यांसाठी हाक मारताना एवढं आठवू या, हो ना?