गोळी नक्की कुणासाठी?

परवा संध्याकाळी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला आमच्या भवानी पेठेतल्या मेडिकलमध्ये गेले होते. माझ्या पुढं एक तिशीतली बाई उभी होती. कडेवर मूल, हातात दळणाचा डबा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. चिठ्ठी काही नव्हती. काउंटरवर वाकून ती हळूच म्हणाली, "दादा, म्हातारी रात्रभर झोपत नाही ओ. ती पण झोपंल, आम्ही पण झोपू, असं कायतरी द्या की." मेडिकलवाल्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि "चिठ्ठी आणा, ताई" म्हणून तिला वाटेला लावलं. मी तिथं नसते तर काय दिलं असतं, कोण जाणे!

ती वळताच मागच्या एक बाई पुटपुटल्या, "बघा, आजकालच्या सुना! सासूला गुंगीचं औषध मागायला लागल्या."

मला मात्र त्या मुलीचा राग आला नाही. कधी काळी मीही अशीच काउंटरसमोर उभी होते. फरक इतकाच, की माझ्या हातात चिठ्ठी होती.

माझ्या सासूबाईंना आम्ही अत्तम्मा म्हणायचो. आमचं घर तेलुगू, शाळा मराठी. आमच्या भागात हे घरोघरी आहे. अत्तम्मांनी चाळीस वर्षं विड्या वळल्या. पहाटे उठून पानं भिजवायची, कापायची, सूप मांडीवर घेऊन बसायचं आणि वळलेल्या विड्या वेळेत कारखान्यात नेऊन द्यायच्या. या कमाईवर त्यांनी तीन मुलं वाढवली. २०१४ साली नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींच्या रथाच्या मिरवणुकीत त्या चुकल्या. जन्म ज्या गल्ल्यांत गेला, त्या गल्ल्यांत! गर्दीमुळं झालं असेल, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. पुढं भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं, पेन्शनचं पासबुक पिठाच्या डब्यात सापडलं. 'वय झालं' म्हणून आम्ही दोन वर्षं घालवली.

नंतर संध्याकाळी त्रास सुरू झाला. दिवे लागले की अत्तम्मा उठायच्या, पिशवी शोधायच्या आणि दाराची कडी काढायला लागायच्या. "इंटिकि पोदां," म्हणजे 'चल, घरी जाऊ'. स्वतःच्या घरात बसून! अडवलं की ओरडायच्या. एकदा उलथनं फेकून मारलं. रात्री एक, दोन, तीन… झोप नाही. सकाळी सहाला मला मुलांचे डबे करायचे असत.

एका डॉक्टरांनी थेंब लिहून दिले. "रंग नाही, वास नाही. चहातून द्या, कळणारसुद्धा नाही." मी दिले. तिसऱ्या दिवशी अत्तम्मा झोपल्या, आणि आमचं सगळं घर झोपलं. त्या रात्रीचं समाधान मला अजून आठवतं आणि त्याची लाजही वाटते.

दीड महिन्यात त्यांचं चालणं फरपटत झालं. हात कडक, तोंडातून लाळ, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. रिकाम्या बोटांनी त्या दिवसभर विड्या वळायच्या, तेही थांबलं. आजार वाढला, असंच आम्हाला वाटलं. मग एक दिवस त्या मोरीत पडल्या. दुसऱ्या डॉक्टरांकडं नेलं तेव्हा त्यांनी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगितली. थेंबांची बाटली हातात घेऊन त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. हे कशासाठी सुरू केलं? कधीपर्यंत द्यायचं ठरलं होतं? रोज लिहून ठेवलंय का? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. चहात थेंब टाकणारी मी होते, पण ते औषध काय आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

स्मृतिभ्रंशाच्या औषधांबद्दल आपल्याकडं मोठा गोंधळ आहे. 'डोक्याची गोळी' म्हटलं की सगळं आलं! खरं तर त्यात दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. एक जात विसराळूपणाच्या आजारासाठी. डोनेपेझिल त्यातलं सगळ्यांत जास्त लिहिलं जाणारं. अमेरिकेत १९९६ साली त्याला मान्यता मिळाली. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन वापरतात, अल्झायमरमध्ये ते कमी पडतं. हे औषध त्या रसायनाची नासाडी थांबवतं, म्हणजे आहे ते जरा जास्त वेळ पुरतं. रिव्हास्टिग्मिनचं कामही याच धर्तीचं, त्याची पाठीवर चिकटवायची पट्टीसुद्धा मिळते. (नवी पट्टी लावताना कालची काढायला विसरू नका, नाहीतर डोस जास्त होतो.) मेमँटिन वेगळ्या वाटेनं काम करतं आणि आजार पुढं गेल्यावर दिलं जातं. यातलं कुठलंही औषध आजार बरा करत नाही, मरत चाललेल्या पेशी वाचवत नाही. काहींना थोडा काळ थोडा फरक पडतो, काहींना पडतच नाही. मळमळ, जुलाब, भूक जाणं, नाडी मंदावणं हे त्रास होऊ शकतात.

"मग घ्यायची कशाला?" माझ्या नवऱ्यानं विचारलं होतं. अत्तम्मांचं सांगते. डोनेपेझिलवर त्या जवळजवळ वर्षभर स्वतःची वेणी स्वतः घालत होत्या आणि नातीला नावानं हाक मारत होत्या. औषध नसतं तर हे राहिलं नसतं का? डॉक्टरही छातीठोक सांगू शकले नाहीत. पण ते वर्ष आम्हाला मिळालं, आणि मला ते कमी वाटत नाही.

दुसरी जात शांत करणाऱ्या औषधांची. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन… ही मुळात स्किझोफ्रेनियासारख्या आजारांची औषधं. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांना ती दिली तर मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्ये यातल्या नव्या औषधांवर छापायला लावला आणि २००८ मध्ये जुन्यांवरही. त्यांनी तपासलेल्या चाचण्या साधारण दहा आठवड्यांच्या होत्या. तेवढ्यात औषध घेणाऱ्यांतले सुमारे ४.५ टक्के दगावले, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांतले सुमारे २.६ टक्के. लेवी बॉडी नावाचा स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार आहे, त्यात तर ही औषधं फारच वाईट बाधू शकतात. आणि आपण ती चहातून देतो!

म्हणून ती कधीच नकोत, असं मी म्हणणार नाही. पुढं एकदा अत्तम्मांना घरात परके पुरुष दिसायला लागले. भीतीनं त्या थरथर कापायच्या, जेवायच्या नाहीत. तेव्हा त्याच दुसऱ्या डॉक्टरांनी क्वेटियापिन अगदी लहान डोसात दिलं. पण देताना कागदावर लिहून दिलं. कशासाठी, काय बघायचं, किती आठवड्यांनी परत यायचं. तीन महिन्यांनी हळूहळू कमी करत बंद केलं. (मनानं एकदम बंद करणंही धोक्याचं असतं बरं का!) ती गोळी अत्तम्मांच्या भीतीसाठी होती. आधीचे थेंब माझ्या झोपेसाठी होते.

मला या लेखात भांडायचंय ते याच मुद्द्यावर. गोळी सुरू करताना 'ही नक्की कुणासाठी?' हा प्रश्न घरात मोठ्यानं विचारला गेला पाहिजे.

कारण म्हातारं माणूस रात्री उगीच ओरडत नाही. अत्तम्मांच्या त्या पहिल्या ओरडण्यामागं काय निघालं, माहितेय? लघवीचा संसर्ग! जळजळ होतेय हे त्यांना सांगता येत नव्हतं, म्हणून त्या उठून पळायच्या. तो बरा झाल्यावर अर्धी रात्र शांत झाली. पोट साफ नसणं, दाढ दुखणं, कानात मळ, डोळ्यात मोतीबिंदू, यातलं काहीही असू शकतं. थायरॉइड आणि बी-१२ची तपासणी तर सुरुवातीलाच व्हायला हवी. राहिलेली अर्धी अस्वस्थता मला फार उशिरा समजली. संध्याकाळी त्यांना विड्या पोचवायला उशीर होत होता! मग मी पाच वाजता सूप, बोथट कात्री आणि जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे पुढं ठेवायला लागले. त्या वळायच्या, मी मोजून "मुट्टले बरोबर आहेत" असं सांगायचे. रोज नाही, पण बऱ्याचदा दार वाजायचं थांबलं.

आपल्या सोलापूरला आणखी एक गोष्ट लागू आहे. पहिल्यांदा तपासताना अत्तम्मांना मराठीत प्रश्न विचारले. आज वार कोणता, शंभरातून सात वजा करा… त्या गप्प. कागदावर मार्क अगदी कमी पडले. दुसऱ्या डॉक्टरांनी मला तेलुगूतून विचारायला लावलं, तर वार आणि महिना त्यांनी चटकन सांगितला. नंतर शिकलेली भाषा आधी निसटते, असं बऱ्याच घरांत दिसतं. तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी अशा चार भाषांच्या गावात तपासणी कुठल्या भाषेत झाली यावर आजाराची पायरी ठरणार आणि त्या पायरीवर गोळी ठरणार! मार्क कमी म्हणून औषध जास्त, असं व्हायला नको. (जाता जाता, हैदराबादच्या निम्स रुग्णालयात ६४८ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा दिसला, अक्षरओळख नसलेल्यांतसुद्धा. आमच्या पेठेतल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बायकांच्या डोक्यात केवढी ठेव आहे बघा!)

औषधं एकमेकांशीही भांडतात. अत्तम्मांना डोनेपेझिल सुरू झाल्यावर लघवीची घाई होऊ लागली. त्यासाठी तिसऱ्याच डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिनची गोळी दिली. आता पहिली गोळी ॲसिटिलकोलीन टिकवायला झटतेय आणि दुसरी त्याचंच काम अडवतेय! गोंधळ पुन्हा वाढला. सर्दीच्या, खाजेच्या, झोपेच्या काही साध्या वाटणाऱ्या औषधांतही हा गुण असतो. तेव्हा दर वेळी सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढं ओता. लाजू नका.

आता घरातल्यांविषयी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, आणि बायकांत त्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. रुग्ण बाई, सांभाळणारीही बाई. माझ्या नणंदा सणाला यायच्या, आईला झोपलेली बघून "वहिनी आईला झोपवून ठेवते" म्हणायच्या. थेंब बंद केल्यावर आल्या, तर "आई किती ओरडते, औषध का देत नाही?" म्हणायला लागल्या. सल्ला दोन्हीकडून, रात्र मात्र माझ्या एकटीची. शेवटी मी कॅलेंडरवर खुणा केल्या. आठवड्यातल्या दोन रात्री नवऱ्याच्या, शनिवारची रात्र धाकट्या दिरांची. भांडणं झाली. दीर पहिल्या शनिवारनंतर सकाळी लाल डोळ्यांनी बसले होते आणि म्हणाले, "वहिनी, हे रोज असं असतं?" त्यानंतर थेंबांचा विषय घरात कुणी काढला नाही.

'अस्तु' सिनेमात मोहन आगाशेंनी असाच विसरत चाललेला माणूस उभा केलाय. तो बघताना आपण सगळे रडतो. पण थिएटरमधून घरी येऊन आईजवळ रात्री कोण बसणार, हे कुठं ठरवतो? सांभाळणारीला आठवड्यात तीन रात्री सलग झोप मिळाली, तर मेडिकलच्या काउंटरवर वाकून मागायची वेळ पुष्कळींवर येणार नाही, असं माझं मत आहे. ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, आपल्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. तिथं सासूला नेताना 'वेडी ठरवली' म्हणणारे भेटतील. त्यांनाही एक शनिवार द्या!

अत्तम्मा २०२१ मध्ये गेल्या. शेवटचे पाच महिने डॉक्टरांशी बोलून आम्ही डोनेपेझिलही हळूहळू थांबवलं होतं. खाणं कमी झालं होतं आणि गोळीनं मळमळत होतं.

परवा मेडिकलमधून निघताना त्या मुलीला मी कोपऱ्यावर गाठलं. काही उपदेश केला नाही, फक्त म्हटलं, "घरातल्या सगळ्या पट्ट्या घेऊन ये." काल दुपारी ती पिशवी घेऊन आली. फरशीवर ओतल्या तर अकरा निघाल्या. त्यातल्या दोन वेगवेगळ्या नावांच्या, पण आत औषध एकच, झोपेचं. दोन डॉक्टरांनी लिहिलेलं, आणि दोन्ही रोज चालू होत्या. म्हातारी दिवसभर पेंगते आणि रात्री जागी, ती का, हे त्या पट्ट्यांकडं बघून तिलाही उमगलं. "मनानं बंद करू नको," एवढंच सांगितलं. मंगळवारी आम्ही दोघी तिच्या सासूबाईंना घेऊन सिव्हिलला जाणार आहोत. तिच्या नवऱ्यालाही कारखान्यातून सुट्टी काढायला लावली आहे. तो आधी नाही म्हणाला होता.