विश्लेषण : पटले नाही तरी चालते! सरकारी प्रचार नेमका काम कसा करतो?

६ फेब्रुवारी १९७७, रविवार. दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि चारच दिवसांपूर्वी मंत्रिमंडळातून बाहेर पडलेले जगजीवन राम यांची सभा होती. त्याच संध्याकाळी दूरदर्शनने राज कपूर यांचा ‘बॉबी’ दाखवला. एकच वाहिनी असलेल्या त्या काळात जेमतेम चार वर्षांपूर्वीचा सुपरहिट चित्रपट फुकटात घरबसल्या पाहायला मिळणे ही पर्वणीच होती. लोकांनी घरीच थांबावे हाच त्यामागचा हेतू होता, असे तेव्हापासून सांगितले जाते. सभेला मात्र अफाट गर्दी लोटली आणि ‘बाबूजीं’नी ‘बॉबी’ला हरवल्याचा विनोद दिल्लीभर फिरला.

किस्सा गमतीचा म्हणून सांगितला जातो, पण त्यातली एक गोष्ट बहुतेकदा निसटते. ‘बॉबी’मध्ये सरकारच्या कौतुकाचा एकही शब्द नाही. तरीही तो त्या संध्याकाळपुरता सरकारी प्रचारच होता. सरकारी प्रचार म्हणजे नेत्याचा फोटो, घोषणा आणि आकडेवारी एवढेच समजणाऱ्याला त्याचा मोठा भाग दिसतच नाही.

प्रचार म्हणजे फक्त खोटे बोलणे का?

‘प्रपोगंडा’ हा शब्द मुळात शिवी नव्हता. १६२२ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसारासाठी एक मंडळ स्थापन केले, त्याच्या लॅटिन नावात हा शब्द आहे. त्याला आजची काळी छटा आली ती प्रामुख्याने विसाव्या शतकातील दोन महायुद्धांमुळे. मराठीत तर निवडणुकीच्या सभेपासून साबणाच्या जाहिरातीपर्यंत सगळ्यालाच आपण प्रचार म्हणतो.

सरकारने लोकांशी बोलूच नये, असे कोणी म्हणणार नाही. अमिताभ बच्चन यांच्या आवाजातील पोलिओच्या ‘दो बूंद’ हाही सरकारी प्रचारच होता. त्याच त्याच वाक्याचा मारा, ओळखीचा चेहरा, भावनिक आवाहन अशी सगळी हत्यारे त्यात होती. देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारताचा भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. तेव्हा नुसती हत्यारे पाहून चांगला प्रचार आणि घातक प्रचार वेगळा काढता येत नाही. पाहायचे ते हे की समोरच्याला दुसरीकडून ऐकण्याची सोय ठेवली आहे का.

रेडिओच्या डब्यात दडलेले धोरण

दुसरीकडून ऐकण्याची सोय कशी काढून घेतात, याचे सर्वात तांत्रिक उदाहरण जर्मनीचे आहे. हिटलर चान्सलर झाला ३० जानेवारी १९३३ रोजी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात एक स्वस्त रेडिओ सादर झाला. त्याचे नाव ‘फोल्क्सएम्फेंगर’, म्हणजे लोकांचा रेडिओ. मॉडेल क्रमांक व्हीई ३०१. हा ३०१ म्हणजे ३० जानेवारी! किंमत ७६ मार्क, त्या वेळच्या इतर संचांपेक्षा बरीच कमी. १९३८ मध्ये आणखी छोटा संच आला, तो ३५ मार्कांना.

या संचात मध्यम आणि दीर्घ लहरी लागत. लघुलहरींचा, म्हणजे शॉर्टवेव्हचा पट्टा नव्हता. परदेशी केंद्रे अजिबात ऐकू येऊ नयेत अशी रचना होती, असे अनेकदा लिहिले जाते, पण ते पूर्ण खरे नाही. रात्रीच्या वेळी, चांगली एरियल लावली तर बाहेरची काही केंद्रे लागत. मात्र जवळचे सरकारी केंद्र सहज लागायचे आणि लांबचे खटपटीने. बहुतेक लोकांसाठी एवढा फरक पुरतो. उरलेल्यांसाठी १ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्ध सुरू झाले त्याच दिवशी, परदेशी केंद्रे ऐकणे हा गुन्हा ठरवण्यात आला. संच स्वस्त का होता, याचे उत्तर कदाचित तेव्हा कोणाच्या लक्षात आले असेल.

पण रेडिओ लावला आणि माणूस नाझी झाला, असे घडले नाही. पाच अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत वाचण्यासारखा आहे. कोणत्या भागात रेडिओचा सिग्नल किती पोहोचत होता आणि तिथे मतदान कसे झाले, हे त्यांनी ताडून पाहिले. नाझी सत्तेवर येण्याआधी, रेडिओ लोकशाही सरकारच्या हातात असताना, त्याने नाझींची वाढ काहीशी रोखली होती. सत्ता बदलताच तोच रेडिओ उलट कामाला लागला. ज्यूविरोधी प्रचाराचा परिणाम मात्र सगळीकडे सारखा झाला नाही. जिथे ज्यूद्वेषाची जुनी परंपरा होती तिथे तो भडकला. जिथे ती नव्हती तिथे उलटा परिणाम दिसला. म्हणजे प्रचार नवे बी क्वचितच पेरतो, बहुधा आधीच रुजलेल्याला पाणी घालतो.

आणीबाणीत काय घडले?

भारतात या विषयाचा सर्वात मोठा धडा २५ जून १९७५ च्या रात्री सुरू होतो. दिल्लीत बहादूरशहा जफर मार्गावरील वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पंतप्रधान इंदिरा गांधी आकाशवाणीवरून बोलल्या. काही दिवसांतच माहिती व नभोवाणी मंत्री इंद्रकुमार गुजराल यांच्या जागी विद्याचरण शुक्ल आले आणि सेन्सॉरची कात्री चालू झाली. २८ जूनला ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली.

इथपर्यंतचे सगळ्यांना माहीत असते. त्यानंतरची यंत्रणा अधिक शिकवून जाते, कारण ती गाजावाजा न करता उभी राहिली. फेब्रुवारी १९७६ मध्ये पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चार वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ नावाची एकच संस्था करण्यात आली. देशभरच्या छोट्या दैनिकांना बातमी पुरवणाऱ्या चार तोट्यांची एकच तोटी झाली. प्रेस कौन्सिल बरखास्त झाली. वृत्तपत्रांची ‘मित्र’, ‘तटस्थ’ आणि ‘विरोधी’ अशी वर्गवारी करून सरकारी जाहिराती त्यानुसार वाटल्या गेल्या, हे पुढे न्या. जे. सी. शहा आयोगासमोर आले. जाहिरातीवर जगणाऱ्या जिल्हा दैनिकाला सेन्सॉरपेक्षा हे कितीतरी जास्त कळते. किशोरकुमार यांनी सरकारी कार्यक्रमांना सहकार्य दिले नाही, तर त्यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद झाली.

चित्रपटगृहांचा प्रश्न तर आधीपासूनच सुटलेला होता. मुंबईत मुख्यालय असलेल्या फिल्म्स डिव्हिजनचे समाचारपट मुख्य चित्रपटाआधी दाखवणे ही परवान्याची अट होती आणि त्यांचे भाडेही थिएटरमालकाच्याच खिशातून जाई. प्रेक्षक त्या वेळात शेंगदाणे घेऊन येत, हा भाग वेगळा.

महाराष्ट्रात सगळेच गप्प बसले नाहीत. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत यांनी, स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण असताना, तुरुंगवासात प्रकृती ढासळलेल्या जयप्रकाशांसाठी उघडपणे प्रार्थनेचे आवाहन केले. पुढे त्यांना अटक झाली. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’मधील मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने १९७६ मध्ये मसानींच्या बाजूने निकाल दिला. सरकारशी असहमत असणे म्हणजे गुन्हा नव्हे, असा त्याचा सरळ अर्थ होता.

लाल त्रिकोणाचे काय झाले?

या प्रचाराची खरी किंमत राजकारणापेक्षा आरोग्य केंद्रात मोजावी लागली. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आणि ‘हम दो, हमारे दो’ हे आणीबाणीच्या आधीचे. लोकांना ते खटकत नव्हते. आणीबाणीत त्याच्या मागे उद्दिष्टांचे आकडे आणि सक्ती आली. शिक्षकांपासून तलाठ्यांपर्यंत सर्वांच्या मागे ‘केस’ आणण्याचा तगादा लागला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातील बहुसंख्य पुरुषांच्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही.

सक्ती हे मूळ दुखणे होतेच. पण रेडिओ आणि वर्तमानपत्रांत फक्त विक्रमी आकडे येत राहिल्याने ते दुखणे वर कळण्याचा मार्गच बंद झाला. कंट्रोल सिस्टीमच्या भाषेत बोलायचे तर फीडबॅकची तारच तोडलेली होती. आणि खालच्या बाजूला, सरकारी बातमीवर विश्वास उरला नाही म्हणून लोक अफवांवर विश्वास ठेवू लागले. लसीची सुई टोचायला कोणी आले तरी माणसे शेतात पळाल्याच्या आठवणी उत्तर भारतात आजही सांगितल्या जातात.

पुढच्याच वर्षी, १९७७-७८ मध्ये, शस्त्रक्रियांचा आकडा १० लाखांच्याही खाली आला. ‘कुटुंबनियोजन’ हा शब्द इतका बदनाम झाला की नव्या सरकारने त्याचे ‘कुटुंब कल्याण’ केले; सरकारी दवाखान्यांच्या पाट्यांवर तो आजही दिसतो. पुरुष नसबंदी मात्र कधीच सावरली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महिला नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आहे आणि पुरुष नसबंदीचे ०.३ टक्के. शस्त्रक्रिया पुरुषाची सोपी, पण टेबलवर जाते ती बाई. याला इतरही कारणे आहेत, पण त्या दोन वर्षांचा वाटा नाकारता येत नाही. पोलिओ मोहिमेतसुद्धा पश्चिम उत्तर प्रदेशात ‘थेंबांनी मूल होत नाही’ ही अफवा पुसायला गावोगावच्या इमामांना, शिक्षकांना सोबत घेऊन वर्षे घालवावी लागली.

आणि सरकारचे काय? १८ जानेवारी १९७७ रोजी इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली. आपण जिंकू, असे त्यांना कळवण्यात आले होते, हा तेव्हाच्या अनेक अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. स्वतःच सेन्सॉर केलेली वर्तमानपत्रे वाचून दुसरे काय वाटणार? उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही, स्वतः पंतप्रधान रायबरेलीत ५५ हजारांहून अधिक मतांनी हरल्या. आंध्र प्रदेशात मात्र काँग्रेसने ४२ पैकी ४१ जागा जिंकल्या. नसबंदीचा वरवंटा सर्वाधिक फिरला तो उत्तरेत. तिथे लोकांनी रेडिओवर ऐकलेले घरात घडलेल्या गोष्टींशी ताडून पाहिले.

पटत नसेल तर सरकारे खर्च का करतात?

हा प्रश्न चीनच्या बाबतीत संशोधकांनी थेट तपासला. राज्यशास्त्रज्ञ हायफेंग हुआंग यांनी २०१५ मध्ये चिनी विद्यार्थ्यांवरील सर्वेक्षणावर आधारित निबंध प्रसिद्ध केला. ज्यांना सरकारी प्रचार अधिक पाठ होता, ते सरकारवर अधिक खूश नव्हते. पण सरकार बलवान आहे, ते सुव्यवस्था राखू शकते, असे त्यांना अधिक वाटत होते आणि विरोधात उतरण्याची त्यांची तयारी कमी होती. म्हणजे कंटाळवाणा, कोणालाही न पटणारा प्रचारही वाया जात नाही. चौकाचौकात एकच चेहरा लावता येतो, ही गोष्टच निरोप असते.

दुसरा अभ्यास गॅरी किंग आणि सहकाऱ्यांचा, २०१७ चा. चिनी सरकार समाजमाध्यमांवर सामान्य नागरिकांच्या नावाने वर्षाला सुमारे ४५ कोटी पोस्ट टाकते, असा त्यांचा अंदाज आहे. टीकाकारांशी भांडायला ही फौज असेल, असा सर्वांचा समज होता. प्रत्यक्षात त्या पोस्टमध्ये वाद जवळजवळ नव्हताच. शुभेच्छा, थोर पुरुषांचे स्मरण, देशाचे कौतुक असा माल होता आणि तो असंतोषाच्या वेळी ढिगाने येत होता. ‘बॉबी’चीच ही सुधारित आवृत्ती, फक्त रविवारची वाट पाहावी लागत नाही.

मग आज भारतात काय पाहायचे?

आज चार वृत्तसंस्था एकत्र करण्याची गरज कोणत्याच सरकारला उरलेली नाही, आणि एकट्या पक्षाला नावे ठेवून हा विषय संपतही नाही. सरकारी जाहिरातींत फोटो कोणाचे असावेत यावर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये बंधन घातले. राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश वगळता इतरांचे फोटो नकोत, असे ते होते. त्याविरुद्ध केंद्र आणि वेगवेगळ्या पक्षांची राज्य सरकारे न्यायालयात गेली, आणि मार्च २०१६ मध्ये राज्यपाल, मुख्यमंत्री व मंत्र्यांच्या फोटोंनाही परवानगी मिळाली. इतर बाबतीत एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या सरकारांचे एवढ्या झटपट एकमत दुसऱ्या कोणत्या मुद्द्यावर झाले असेल, हे शोधावे लागेल.

फोटो निदान दिसतो तरी. जाहिरात कोणत्या दैनिकाची बंद झाली, कोणते खाते कोणाच्या सांगण्यावरून ‘ब्लॉक’ झाले, हे वाचकाला दिसत नाही. पगारी खात्यांनी वर चढवलेला हॅशटॅग आणि लोकांचा खरा राग यांत फरक करणेही मोबाइलच्या पडद्यावर सोपे नाही. त्यामुळे ‘ही बातमी खरी का’ या प्रश्नाबरोबर ‘या आठवड्यात कोणती बातमी दिसली नाही’ हाही प्रश्न विचारावा लागतो.

२०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून केंद्राने स्वतःच्या कारभाराविषयीच्या ऑनलाइन मजकुरातील ‘खोटे’ काय, हे ठरवणारा स्वतःचाच फॅक्ट चेक विभाग आणू पाहिला. कुणाल कामरा आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात त्याला आव्हान दिले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले, प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द ठरवली. मसानींचा खटला ज्या न्यायालयात चालला होता, तेच हे न्यायालय.