आलेखाची मोजपट्टी आधी पाहा

गेल्या आषाढात माउलींची पालखी नातेपुत्याचा मुक्काम आटोपून माळशिरसकडे मार्गस्थ झाली, त्याच्या पुढच्या आठवड्यातील ही गोष्ट. बहात्तर वर्षांच्या एका आजींना त्यांच्या सूनबाई रिक्षातून दवाखान्यात घेऊन आल्या. पहाटे उठताना आजींना घेरी आली आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याशी त्या मटकन खाली बसल्या. हाड मोडले नाही, हे सुदैव. निजवून मोजलेला वरचा रक्तदाब ११८ होता. उभे करून मोजला, तर ९२. चौकशी करता कळले, की तीन दिवसांपासून रक्तदाबाची गोळी एकाऐवजी दोन घेतल्या जात होत्या.

"दोन घ्यायला कोणी सांगितलं?" मी विचारले. सूनबाईंनी संकोचाने मोबाइल पुढे केला. "ह्यांनी पुण्याहून आलेख करून पाठवलाय, डॉक्टर. आत्यांचं बीपी महिनाभर चढतंच आहे म्हणाले."

आलेख एक्सेलमध्ये नीटनेटका काढलेला होता. तांबडी रेषा डावीकडच्या तळातून निघून शिंगणापूरच्या घाटासारखी उजवीकडच्या माथ्याला भिडली होती. मी उभ्या अक्षावरचे आकडे वाचले. तो १२५ला सुरू होऊन १३५ला संपत होता. चार आठवड्यांच्या सरासऱ्या होत्या १२८, १२९, १३१ आणि १३४. म्हणजे महिनाभरात वाढ झाली अवघ्या सहा अंकांची. एकाच माणसाचा वरचा दाब सकाळपासून रात्रीपर्यंत दहा-पंधरा अंकांनी सहज खालीवर होतो. शिवाय तो शेवटचा आठवडा पालखीचा. घरी वारकऱ्यांची पंगत, दोन रात्रींचे जागरण आणि त्या धांदलीत एक दिवस गोळीही राहिलेली. यातले काहीच एक्सेलला ठाऊक नव्हते.

मुलाने कोणतीही लबाडी केलेली नव्हती. आकडे सगळे खरे होते. मात्र अक्ष कोठून सुरू करायचा, हे त्याने ठरवले नव्हते, संगणकाने ठरवले होते. आकड्यांमधील फरक थोडा असला, की एक्सेल आपण होऊन अक्षाचा खालचा भाग छाटते आणि उरलेला तुकडा चौकटभर ताणते. रेषा उठून दिसावी, एवढाच त्यामागचा हेतू असतो. तो फरक शरीराच्या दृष्टीने मोठा की क्षुल्लक, हे त्या प्रणालीला कळण्याचा मार्ग नाही.

मग अक्ष नेहमी शून्यापासूनच घ्यावा काय? तसेही नाही. दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. हृदय अशक्त झालेले आणि जोडीला मधुमेह असलेले एक आजोबा माझ्याकडे येतात. त्यांच्या नातवाने साखर, रक्तदाब आणि वजन यांच्या तीन रंगीत रेषा एकाच आलेखात काढल्या होत्या. अक्ष शून्यापासून ३००पर्यंत. साखरेची रेषा नागमोडी, वजनाची मात्र सुतासारखी सरळ. "वजन तर स्थिर आहे," असे घरचे समजून चालले. प्रत्यक्षात सहा दिवसांत वजन ६१ किलोवरून ६४वर गेले होते. तीनशेच्या अक्षावर तीन किलो म्हणजे उंचीचा शंभरावा भाग. तो डोळ्यांना दिसणार कसा? ते वजन अंगात साठलेल्या पाण्याचे होते. पायांवर सूज आली, उशाला दोन उशा लागू लागल्या आणि एका रात्री धाप लागल्याने त्यांना अकलूजला दाखल करावे लागले. हेच वजन वेगळ्या आलेखात, ५५ ते ७० किलोंच्या अक्षावर मांडले असते, तर तीच चढण चौथ्या दिवशीच नजरेत भरली असती.

एका आलेखाने नसलेला धोका दाखवला, दुसऱ्याने असलेला धोका झाकला. तेव्हा मोजपट्टी आकडे हाती येण्यापूर्वी ठरवावी आणि ती ठरवताना शरीराला किती बदल महत्त्वाचा आहे, हे पाहावे. याचा उत्तम नमुना आपल्या अंगणवाडीत आहे. बाळाच्या वजनाचा तक्ता आठवा. आडव्या अक्षावर वय, उभ्या अक्षावर किलो आणि वाढीचे पट्टे आधीच छापलेले. जागतिक आरोग्य संघटनेने २००६मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकांवर आजचे तक्ते आधारलेले आहेत. अंगणवाडी सेविका केवळ ठिपका देते. मोजपट्टी बाळागणिक बदलत नाही. म्हणून एका दृष्टिक्षेपात निदान नव्हे, तरी इशारा मिळतो.

वृद्धांसाठीही घरी असाच तक्ता करता येतो. एक्सेलमध्ये तारीख, वरचा दाब, खालचा दाब, नाडी आणि शेरा असे स्वतंत्र रकाने ठेवावेत. '१२८/७६' असे एकाच चौकटीत लिहिले, तर प्रणाली त्याला आकडा मानत नाही. मोजायचे राहिले, तर चौकट रिकामी ठेवावी. शून्य लिहिल्यास रेषा तळाला कोसळते. आलेख काढल्यावर उभ्या अक्षावर दोनदा टिचकी मारावी आणि उघडणाऱ्या 'फॉरमॅट ॲक्सिस'मध्ये किमान ४० व कमाल २०० हे आकडे स्वतः भरावेत. दर महिन्याला तेच ठेवावेत. आणखी एका रकान्यात सर्वत्र १३५ लिहिले, की आलेखात एक आडवी रेषा उमटते. घरी मोजलेल्या वरच्या दाबाची सरासरी सामान्यतः तिच्या आत असावी. आपल्या रुग्णासाठी वरची आणि खालची मर्यादा कोणती, हे मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. वजनाला स्वतंत्र आलेख हवा. शेऱ्याचा रकाना तर विसरूच नये: जागरण, गोळी राहिली, ताप, उपवास.

अर्थात मोजणेच चुकले, तर आलेख काय करणार? पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू टाळावी, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. सकाळ-संध्याकाळ असे सात दिवस मोजून पहिला दिवस सोडून द्यावा आणि उरलेल्यांची सरासरी घ्यावी.

कोणी आलेख पाठवला, तर रेषेआधी तीन गोष्टी पाहाव्यात. अक्ष कोठून कोठवर आहे? प्रत्यक्ष फरक किती आकड्यांचा आहे? त्या दिवसांत घरात काय घडले होते? आणि साखरेच्या बाबतीत सरासरीवर विसंबू नये. साठ आणि दोनशेवीस यांची सरासरी एकशेचाळीस येते, पण साठवर आलेले आजोबा चक्कर येऊन पडतात. काही प्रसंगी मात्र आलेख उघडतही बसू नये. छातीत दुखणे, धाप, तोंड वाकडे होणे, हातापायातील शक्ती जाणे, यांपैकी काही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे. अशक्त हृदयाच्या रुग्णाचे वजन तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

त्या आजींची गोळी पुन्हा एकावर आली. मुलाशी फोनवर बोललो. तो बिचारा खजील झाला होता. त्याला म्हटले, "आईची काळजी आहे म्हणूनच इतका खटाटोप केलास. आलेख काढत राहा, पण गोळीचा निर्णय त्या रेषेवर सोडू नकोस." आता तो दर महिन्याला नवा आलेख पाठवतो. अक्ष ४० ते २००, रेषा जवळजवळ सपाट आणि आषाढातल्या त्या ठिपक्याजवळ शेरा: 'पालखी, दोन रात्री जागरण'.