नक्कल आधी जळते

मेजर रॉबर्ट गिल १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर आला आणि उमेदीची वर्षे त्याने त्या अंधारात घालवली. त्याची तैलचित्रे लंडनला गेली, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागली आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत मोजकी सोडून सगळी खाक झाली. मग जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून तेच काम पुन्हा हाती घेतले. त्यांच्याही बऱ्याच नकला १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. दीड हजार वर्षांची मूळ चित्रे वाघूर नदीच्या कड्यात जागच्या जागी राहिली, नकलांना मात्र काही दशकेही मिळाली नाहीत. गिलने कॅमेऱ्याने टिपलेली लेण्यांची छायाचित्रे मात्र वाचली. जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह ती १८६४ मध्ये पुस्तकात छापली गेली होती आणि त्या पुस्तकाच्या प्रती ठिकठिकाणच्या ग्रंथालयांत पोचल्या होत्या.

हा इतिहास आज उगाळण्याचे कारण आपला धंदा आहे. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या, ३६० अंशांत फिरणाऱ्या व्हर्च्युअल टूर आपण वारशाच्या नोंदी म्हणून विकतो. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यातले ११ महाराष्ट्रात आणि एक, जिंजी, तामिळनाडूत. या किल्ल्यांच्या टूरसाठी निविदा निघतील आणि आपल्यापैकी अनेकजण त्या भरतील. त्याआधी जुन्या कामांचे काय झाले ते पाहू.

अडोबीने जुलै २०१७ मध्येच सांगून टाकले होते की फ्लॅश बंद होणार. ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने फाइल चालवायचेच थांबवले. आपल्या क्षेत्रातल्या कितीतरी टूर फ्लॅशमध्ये बांधलेल्या होत्या. साडेतीन वर्षांची आगाऊ सूचना असूनही त्या हलल्या नाहीत, कारण हलवायचे कोणी हे कोणत्याच करारात लिहिलेले नव्हते. काम पूर्ण झाले, बिल निघाले, विषय संपला. त्याच वर्षी, ३० जून २०२१ ला, गूगलने आपले टूर क्रिएटर बंद केले. ते फुकट होते, सोपे होते, म्हणून शाळा आणि लहान संग्रहालये त्याकडे वळली होती. फुकटच्या सोयीला नोटीस किती दिवसांची, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

मूळ पॅनोरामा ज्यांनी सांभाळून ठेवले होते, त्यांचे फारसे बिघडले नाही. दोनास एक प्रमाणातली सपाट प्रतिमा कोणत्याही व्ह्यूअरला चालते. पॅनेलम, मार्झिपानो, क्रपॅनो, काहीही घ्या. घनाच्या सहा बाजू आणि त्यांच्या लहानमोठ्या टाइल्स पुन्हा पाडायच्या, हॉटस्पॉट पुन्हा जोडायचे. वेळखाऊ काम, पण हमाली स्वरूपाचे. ज्यांच्या हाती फक्त तयार टूर उरली होती, त्यांच्याकडे दोनच पर्याय होते: पुन्हा जागेवर जाऊन टिपणे, किंवा गप्प बसणे. बहुतेक गप्प बसले.

म्हणून आमचा आग्रह एवढाच आहे की टूर ही विक्रीची वस्तू असू दे, पण सुपूर्द करायची वस्तू तिच्यामागचा संच असला पाहिजे. त्यात कॅमेऱ्यातल्या रॉ फाइल, जोडणीच्या प्रकल्प फाइल, पूर्ण आकाराचे टिफ पॅनोरामा, आराखड्यावर प्रत्येक ट्रायपॉडची जागा आणि उंची, हॉटस्पॉटचा मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, आणि टिपल्याची तारीख. हा संच किमान दोन संस्थांकडे, दोन गावांत. ‘रॉ फाइल दिल्या तर पुढचे काम दुसऱ्याला जाईल’ ही भीती खरी आहे, तिची किंमत वेगळी लावा आणि घ्या. फाइल घरातल्या हार्ड डिस्कवर दाबून ठेवून पुढचे काम मिळतेच असेही नाही.

तारखेवर जरा थांबतो, कारण तीच सर्वांत आधी गळते. अजिंठ्यात निजामाच्या काळात, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला, इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचा लेप दिला. तो पुढे पिवळा-तपकिरी पडला आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तो काढत बसावे लागले. म्हणजे एकाच भिंतीची सफाईआधीची आणि नंतरची प्रतिमा या दोन वेगळ्या नोंदी आहेत. तारखेविना त्यांतली कोणती कोणती, हे ठरवणार कसे? रायगडावर उत्खनन आणि संवर्धनाची कामे सुरू आहेत. तिथे खोदकामाआधी टिपलेला पॅनोरामा उद्या पुरावा ठरेल. पण तारीख नसेल तर तो निव्वळ वॉलपेपर.

आता थोडे आपल्या हातचलाखीबद्दल. कॅमेरा पॅरलॅक्स-मुक्त बिंदूभोवती फिरला नाही, तर जवळच्या खांबावरची रेघ तुटते. हे सर्वांना ठाऊक आहे. अजिंठ्याच्या लेणे क्रमांक २६ च्या बाजूच्या अरुंद वाटेत खांब हाताच्या अंतरावर असतात, तिथे हे फार होते. तुटलेली रेघ क्लोन करून जुळवली की ग्राहक खूश. पण नोंद म्हणून ते नक्षीकाम आता शिल्पकाराचे नाही, आपले आहे. ट्रायपॉडखालची जमीन पुसून एआयने भरून घ्यायची सवय तर हल्ली फारच बोकाळली आहे. अजिंठ्याच्या काही विहारांच्या जमिनीत लहान गोल खळगे कोरलेले आहेत. रंग कालवायचे ते हेच, असे वाटाडे सांगतात. सॉफ्टवेअरला ते खड्डे वाटतात आणि ते तिथे गुळगुळीत दगड बसवते. खाली एक साधा गोल ठिपका ठेवा, त्यावर संस्थेचे चिन्ह छापा, पण खोटा दगड घालू नका.

उजेडाचेही तेच. अनेक एक्स्पोजर जोडून छतापासून जोत्यापर्यंत सगळे सारखे लख्ख केले की पडद्यावर छान दिसते, पण मग प्रवेशद्वारातून येणारा प्रकाश कुठवर पोचतो हे कोणाला कळणार? दोन्ही ठेवा: मूळ उजेडाची प्रतिमा आणि अभ्यासासाठी उजळलेली. बटण एकच लागते.

या सगळ्यावर आक्षेप येईल की वारसा नष्ट होतो तेव्हा नक्कलच कामी येते, मग नकलेला एवढी नावे का ठेवता? २ सप्टेंबर २०१८ ला रिओ द जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले आणि आगीआधी टिपलेल्या पॅनोरामांतून त्याची दालने त्याच वर्षी पुन्हा पडद्यावर फिरता आली, हे खरेच आहे. पण ती टूर चालली, कारण कोणाकडे तरी मूळ प्रतिमा शाबूत होत्या आणि त्या चालू व्ह्यूअरमध्ये घालणारे माणूसबळ होते. आपल्या जिल्हा संग्रहालयाकडे यातले काय आहे?

या अंकापासून ज्या ज्या टूरचे परीक्षण आम्ही छापू, तिच्याखाली एक चौकट असेल: कधी टिपली, रॉ फाइल कोणाकडे, कुठले भाग भरून काढले, व्ह्यूअर कोणता. माहिती न मिळाल्यास रकाना रिकामा सोडून चौकट तशीच छापू. परीक्षणासाठी काम पाठवणाऱ्यांनी टूरच्या दुव्यासोबत ही माहितीही पाठवावी. ग्राहकाने मूळ फाइल नको म्हटल्या असतील, तर तेही लिहावे. अशी उत्तरे एकत्र करून राज्य पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे देण्याचा विचार आहे.