गौताळ्यातील वाटा कोणाच्या?

पावसाच्या पहिल्या सरी पडून सातमाळ्याचे डोंगर हिरवे झाले की छत्रपती संभाजीनगरहून कन्नडकडे रविवारी पहाटेपासून तरुणांची रीघ लागते. पाठीवर पिशवी, पायांत जाड तळाचे बूट आणि हातातल्या मोबाईलवर नकाशा, अशी ही मंडळी गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात शिरतात. कोणी पितळखोऱ्याची लेणी पाहून घळीने पाटणादेवीकडे उतरतो, कोणी कन्हेरगडाचा कातळ हातापायांनी चढतो, कोणी नागापूरच्या बाजूने अंतूरचा किल्ला गाठतो. याबद्दल नाक मुरडण्याचे काहीच कारण नाही. आठवडाभर कारखान्यात वा कचेरीत राबलेल्या तरुणाने एक दिवस डोंगरात घालवावा, धाप लागेतो चढावे, ओढ्याचे पाणी प्यावे, हे चांगलेच आहे. प्रश्न निराळा आहे. ज्या वाटेने तो चालतो ती कोणी पाडली, कोणी राखली, आणि तिच्यावरून चालण्याचा हक्क आज कायद्याने कोणाकडे आहे?

डोंगरातली वाट निसर्गाने दिलेली नसते. ती श्रमाने निर्माण होते आणि अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर तिला घसाराही असतो. दोन पावसाळे कोणी चाललेच नाही तर ती घाणेरीत बुजून जाते. गौताळ्याच्या वाटा आजवर शाबूत राहिल्या त्या सरपण आणणाऱ्या बायांच्या, शेरडे वळणाऱ्या पोरांच्या, डिंक नि सीताफळे गोळा करून बाजाराला नेणाऱ्या भिल्ल, ठाकर आणि बंजारा कुटुंबांच्या पायांनी. पर्यटकाच्या नकाशावर जी रेघ दिसते ती या पायांची आहे. नकाशावर नाव मात्र ती रेघ प्रथम नोंदविणाऱ्याचे असते.

या वाटांचे वयही मोठे आहे. पितळखोऱ्याची लेणी ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकापासूनची. तेथील एका स्तंभावर पैठणच्या गंधिक कुळातील, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातील, दात्याचे नाव कोरलेले आहे. पैठणचा माल डोंगर ओलांडून खानदेशात आणि पुढे उत्तरेला जात होता, आणि त्या व्यापारातला काही वाटा भिक्षूंच्या निवाऱ्यावर खर्च होत होता, याचा हा पुरावा. डोंगराच्या पायथ्याशी पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने १२०७ साली आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणलेल्या त्या शिलालेखाचा अखेरचा भाग त्या काळच्या मराठीत असून मठाला कोणकोणत्या करांतून उत्पन्न मिळावे याची त्यात नोंद आहे. गणिताचे अध्ययनही बाजारपेठेतल्या देण्याघेण्यावर चालत होते तर! अंतूरच्या वाटेवर तर फार्सी लेखाचा एक दगडी खांब उभा आहे. कोणत्या दिशेला कोणते गाव, हे तो निजामशाहीच्या काळापासून वाटसरूला सांगत आहे. दात्याचे, आचार्याचे, सुलतानाचे नाव दगडावर राहिले. ओझी वाहणाऱ्यांचे राहिले नाही, आणि त्याचे नवल वाटण्याजोगे काही नाही.

इंग्रजांना या वाटांचे मोल लवकर कळले. १८२५ मध्ये त्यांनी भिल्लांच्या ‘बंदोबस्ता’साठी जी एजंटांची ठाणी नेमली त्यांत कन्नडचे एक होते. त्याच सुमारास जेम्स औट्रम याने खानदेशात भिल्ल पलटण उभारली. ज्यांना डोंगराची प्रत्येक खिंड ठाऊक होती, त्यांनाच पगारी शिपाई करून त्या खिंडींवर पहाऱ्याला बसविण्यात आले. घाटाला नाव मिळाले औट्रमचे, आणि १९८६ साली स्थापन झालेल्या सुमारे २६० चौरस किलोमीटरच्या अभयारण्याच्या नावातही ते कायम राहिले. नामांतराच्या वादात जनतेला गुंतवून ठेवणाऱ्यांना या नावाची अडचण कधी झाली नाही, ही गोष्ट जाता जाता नोंदविण्यासारखी आहे.

आता कायदा पाहावा. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम २५ वन अधिकाऱ्याला राज्य शासनाच्या मंजुरीने राखीव वनातील कोणतीही वाट बंद करण्याचा अधिकार देते; अट एवढीच की शासनाला सोयीची वाटेल अशी पर्यायी वाट असली पाहिजे. सोय ठरविणार शासन, चालणार गावकरी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ ने अभयारण्यातील प्रवेश मर्यादित केला आणि कलम २८ ने कोणत्या कारणासाठी परवाना मिळेल त्याची यादी दिली. त्या यादीत संशोधन आहे, छायाचित्रण आहे, पर्यटन आहे. सरपणाचे नाव तीत नाही. शेरडे चारू द्यावयाची की नाही, हे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या हाती. म्हणजे एकाच वाटेवरून शहरातला तरुण पावती दाखवून पाहुणा म्हणून जातो आणि ती वाट ज्यांनी पाडली त्यांच्या घरची बाई मोळी डोक्यावर घेऊन चोरासारखी जाते.

इंग्लंडमध्ये हा झगडा उलट्या बाजूने झाला. तेथे डोंगरपठारे जमीनदारांनी शिकारीसाठी अडविली होती आणि बाहेर ठेवलेला होता तो गिरणी कामगार. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरच्या परिसरातील शेकडो तरुण कामगार बेनी रॉथमन याच्या नेतृत्वाखाली मनाई मोडून किंडर स्काउटच्या पठारावर चढले. रॉथमनसह पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ साली मजूर पक्षाच्या सरकारने राष्ट्रीय उद्यानांचा जो कायदा केला त्यात काउंटी कौन्सिलांवर आपल्या हद्दीतील पायवाटांची पाहणी करून त्यांचा अधिकृत नकाशा तयार करण्याची जबाबदारी टाकली. कार्यकर्त्यांनी या तपशिलाकडे विशेष लक्ष द्यावे. सत्याग्रहाने प्रश्न पुढे आला, पण हक्क टिकला तो नकाशावर नोंदल्यामुळे.

आपल्याकडे तशी नोंद करण्याचे साधन २००६ च्या वनहक्क कायद्याने दिलेले आहे, आणि तो अभयारण्यांनाही लागू आहे. चराईचा, गौण वनोपजाचा, परंपरेने राखलेल्या सामूहिक वनाचा हक्क गावाने मागावयाचा आणि दाव्याची सुरुवात ग्रामसभेने करावयाची, अशी त्याची रचना. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळविला. नियम १३ मध्ये पुरावा म्हणून काय चालते ते पाहिले तर चराईची जुनी ठिकाणे, कंदमुळे व चारा गोळा करण्याच्या जागा, पाणवठे, देवराया, स्मशाने, गॅझेटिअर, नकाशे आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब असे सारे त्यात येते. ही सर्व ठिकाणे वाटांनीच जोडलेली असतात. शहरातून येणाऱ्या तरुणांजवळ वाट मोजण्याचे यंत्र खिशातच आहे. तो उतारावरून धावत सुटण्याऐवजी एखाद्या म्हाताऱ्याबरोबर चालला, प्रत्येक पाणवठ्याचे आणि खिंडीचे गावातले नाव विचारून नोंदवीत गेला, तर त्याच्या रविवारच्या हौसेतून ग्रामसभेच्या दाव्याचा नकाशा तयार होऊ शकतो.

वाटाड्याच्या मजुरीचा प्रश्नही येथेच येतो. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस कन्नड घाटात दरडी कोसळून महामार्ग बंद पडला, तेव्हा हा कातळ पावसात किती भरवशाचा आहे ते सर्वांना दिसले. कोणती कपार सुटलेली आहे, कोणत्या ओढ्याला अचानक लोंढा येतो, हे ज्ञान ज्याच्यापाशी आहे त्याला दिवसाची हजेरी देऊन संपविणे म्हणजे त्याला पुन्हा हमाल करणे होय. प्रवेशशुल्क ठरविण्यात आणि खर्चण्यात ग्रामसभेचा हात असल्यावाचून पर्यटनाने रोजगार वाढला या घोषणेला अर्थ नाही.

वाटा मोकळ्या झाल्या तर जंगलाचे काय, असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो पोकळ नाही. २०२१ मध्ये विदर्भातून चालत आलेला वाघ गौताळ्यात दिसला. कित्येक दशकांनंतर हे घडले. रविवारची गर्दी आणि तिच्यामागे उरणारे प्लॅस्टिक यांनी त्याचे स्वागत होऊ नये. परंतु वनहक्क कायदा केवळ वापराचा हक्क देत नाही, वन राखण्याचा अधिकार आणि कर्तव्यही ग्रामसभेला देतो. अमुक घळ विणीच्या हंगामात बंद, अमुक वाटेवर एका दिवसात इतकेच लोक, असे नियम ज्यांना त्या वनातच जगावयाचे आहे ते अधिक काटेकोरपणे पाळतील आणि पाळावयास लावतील. नाक्यावर पावती फाडणाऱ्याला गर्दी म्हणजे उत्पन्न.

खरी अडचण पुढेच आहे. महाराष्ट्रात बंजारा समाज अनुसूचित जमातींत नाही. त्यामुळे तांड्यावरील कुटुंबांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. हा काळ १९३० पर्यंत मागे जातो. तेव्हा डोंगराच्या चाळीसगावकडील बाजूस इंग्रजांचे राज्य होते आणि कन्नडकडील बाजूस निजामाचे. कन्नडकडील जुनी दप्तरे उर्दूत आहेत, ती वाचणारे थोडे, आणि फिरत्या तांड्याची नोंद त्यांत मिळेलच असे नाही. अशा वेळी वडीलधाऱ्यांचा जबाब हाच मोठा आधार. १९४८ च्या पोलीस कारवाईच्या वेळी जे दहा वर्षांचे होते ते आज नव्वदीकडे झुकले आहेत. दिवाळीनंतर गवत वाळून बसते आणि बुजलेल्या वाटाही दिसू लागतात. जबाबांचे आणि नकाशाचे काम कन्नड, सोयगाव व चाळीसगाव तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी त्याच हंगामात हाती घ्यावे.